यॉर्क हाउसच्या बाकावर बाबा

लंडनच्या कडेच्या ट्विकनहॅममधल्या सेंट मेरी चर्चच्या बाहेरच्या भिंतीत एक दगडी पाटी आहे. बाबांनी चष्मा कपाळावर सरकवला आणि नाक भिंतीला टेकेल इतकं जवळ जाऊन ती वाचली. मजकूर थोडाच आहे. मेरी बीच नावाची बाई ५ नोव्हेंबर १७२५ रोजी वारली, वय ७८. अलेक्झांडर पोप या कवीला तिने तान्हेपणी सांभाळलं आणि पुढे अडतीस वर्षं त्याची सोबत केली. अशा इमानी म्हाताऱ्या बाईच्या आठवणीसाठी त्याने कृतज्ञतेने हा दगड बसवला.

बाबा दोन पावलं मागे आले आणि म्हणाले, "धाराऊ."

मला क्षणभर कळलंच नाही. मग आठवलं. साताऱ्याहून पुण्याला जाताना कापूरहोळ आलं की बाबा दर वेळी गाडीच्या खिडकीतून बोट दाखवायचे. "हे धाराऊचं गाव. गाडे पाटलांची. शंभूराजांची दूधआई." आम्ही भावंडं तोपर्यंत अर्धवट झोपलेली असायचो, तरी ते सांगायचेच. आता सत्तरी ओलांडल्यावर, साताऱ्यापासून हजारो मैलांवर, एका इंग्रज कवीच्या दाईची पाटी वाचून त्यांना पहिलं नाव आठवलं ते धाराऊचं.

बाबांनी साताऱ्यात चौतीस वर्षं हायस्कुलात इतिहास शिकवला. त्यांच्याबरोबर शहरात फिरायचं म्हणजे प्रत्येक वाड्यापाशी थांबायचं. इथे कोण राहायचं, त्यांचं पुढे काय झालं, वाडा कोणाकडे गेला. त्यांच्या लेखी घर म्हणजे विटा-चुना नव्हेच, राहून गेलेल्या माणसांची रांग. मी ट्विकनहॅममध्ये बारा वर्षं राहते आहे. मुलगा इथेच जन्मला, इथल्याच शाळेत जातो. कुठल्या दुकानात कोथिंबीर ताजी मिळते आणि कुठली गाडी वॉटर्लूला लवकर पोचते, हे मला पाठ आहे. पण गेल्या उन्हाळ्यात बाबा दोन महिन्यांसाठी आले आणि दुसऱ्याच दिवशी सकाळी चहा घेताना त्यांनी विचारलं, "इथे आधी कोण कोण राहायचं गं?" तेव्हा रग्बीच्या मैदानाखेरीज मला काही सांगता आलं नाही. ते मला फार लागलं. त्याच आठवड्यात वाचनालयातून स्थानिक इतिहासाच्या पुस्तिका आणल्या आणि रोज संध्याकाळी आम्ही दोघं बाहेर पडू लागलो.

पोपपासून सुरुवात केली, कारण इथल्या लोकांना विचारलं तर पहिलं नाव त्याचंच येतं. १६८८ चा जन्म. लहानपणीच पाठीच्या कण्याला क्षयाने ग्रासलं. उंची जेमतेम साडेचार फूट, पाठीला पोक, जन्मभर डोकेदुखी. त्यात घराणं कॅथलिक. त्या काळच्या कायद्याने कॅथलिकांना विद्यापीठाचे दरवाजे बंद होते आणि लंडनपासून दहा मैलांच्या आत राहायलाही बंदी होती. होमरच्या इलियडचं इंग्रजी भाषांतर करून त्याने एवढे पैसे मिळवले की कुणा सरदाराच्या आश्रयाची गरज उरली नाही. १७१९ मध्ये थेम्सकाठच्या या गावात त्याने जागा घेतली. घर नदीवर आणि बाग रस्त्यापलीकडे, म्हणून रस्त्याखालून भुयार खणलं आणि त्या भुयाराच्या भिंती शिंपले, स्फटिक, खनिजं, आरशाचे तुकडे लावून मढवल्या. घर त्याच्या मृत्यूनंतर साठ-पासष्ट वर्षांनी पाडलं गेलं. नव्या मालकिणीला बघायला येणाऱ्यांची गर्दी सोसवेना. भुयार मात्र अजून आहे. वर शाळेची इमारत, खाली पोपचं भुयार. वर्षातून मोजके दिवस ते लोकांसाठी उघडतात.

शहरात राहायची मुभा नाही म्हणून हा माणूस गावाबाहेर आला आणि मग त्याच्यामुळे निम्मं लंडन त्या गावाकडे येऊ लागलं. बाबांना हे फार आवडलं. पण त्यांचं मन त्या दाईच्या दगडापाशीच घुटमळत राहिलं. पोपने टीकाकारांना कवितेत सोलून काढलं, मोठमोठ्यांना शिंगावर घेतलं, हे सगळं मी वाचून दाखवत होते आणि ते म्हणत होते, "ते असू दे. सांभाळणाऱ्या बाईचं नाव, तारीख, वय दगडावर कोरून ठेवलं त्याने. आपल्याकडे धाराऊचं नाव टिकलं, पण अशा बाकीच्या किती असतील?" पोप स्वतः त्याच चर्चमध्ये पुरलेला आहे. आत तो, बाहेरच्या भिंतीवर ती.

दुसऱ्या दिवशी टर्नरचं घर पाहिलं. हे माझ्या आवडीचं. इंग्लंडचा सगळ्यात मोठा चित्रकार समजला जातो तो विल्यम टर्नर. त्याने १८१३ च्या सुमारास स्वतः नकाशा काढून इथे छोटंसं घर बांधलं, सँडीकोम लॉज. लहान म्हणजे खरंच लहान. दोन माणसं जिन्यात समोरासमोर आली तर एकाला मागे व्हावं लागतं. त्या घरात टर्नरबरोबर त्याचे वडील राहायचे. ते लंडनमधल्या कॉव्हेंट गार्डनचे न्हावी. पोरगा लहान होता तेव्हा त्याची चित्रं दुकानाच्या खिडकीत टांगून दोन-चार शिलिंगांना विकायचे. पुढे मुलाचं नाव झालं, तशी म्हाताऱ्याने हजामतीची पेटी बंद केली आणि मुलाच्या संसाराचा भार उचलला. स्वयंपाकाचं पाहायचं, बाग करायची, कॅनव्हास ताणून द्यायचे, तयार चित्रांना वार्निश लावायचं. मुलाची लंडनमध्ये चित्रं मांडायची जागा होती. ती उघडायला म्हणून ते ट्विकनहॅमहून चालत जायचे. सांगतात की पुढे त्यांनी बाजाराला भाजी नेणाऱ्या एका माळ्याशी ठरवून टाकलं: रोज जिनचा एक पेला, आणि त्या बदल्यात गाडीत भाजीवर बसून लंडनपर्यंत.

बाबा त्या घराच्या स्वयंपाकघरात बराच वेळ उभे राहिले. तळघरातली खोली, जाड भिंती, चुलीची जागा, ओल. बागेतल्या कामाने आणि या ओलीने वडिलांना सर्दी-पडसं सतत धरायला लागलं, हे घर विकण्याचं एक कारण. १८२६ मध्ये टर्नरने ते विकलं. तीन वर्षांनी वडील गेले. मी पुढच्या खोलीत जाऊन परत आले तरी बाबा तिथेच होते. बोटाच्या पेराने भिंतीला हात लावून बघत होते, आपल्याकडे पावसाळ्यात वाड्याच्या भिंतीला लावून बघतात तसं. आई गेल्यापासून ते साताऱ्याच्या घरात एकटे असतात. माझ्याकडे कायमचे राहायला या, हे मी दर वर्षी म्हणते आणि ते दर वर्षी विषय बदलतात. त्या दिवशी मी काही म्हटलं नाही. घरी आल्यावर त्यांनी न सांगता भांडी विसळायला घेतली आणि मीही त्यांना अडवलं नाही.

नदीच्या कडेने पूर्वेला गेलं की मार्बल हिलचं पांढरं घर लागतं. दुसऱ्या जॉर्ज राजाच्या मर्जीतल्या हेन्रिएटा हॉवर्ड या बाईंनी ते १७२४ ते १७२९ या काळात बांधलं. नवरा मारहाण करणारा, कान हळूहळू निकामी होत गेलेले, दरबारातली जागा केव्हाही जाईल अशी. अशा स्थितीत तिने आपल्या नावाची चार भिंतींची जागा उभी केली. आज त्या घरासमोरच्या हिरवळीवर मुलं क्रिकेट खेळतात. अलीकडे ऑर्लिन्स हाउस आहे, म्हणजे त्याचा अष्टकोनी दिवाणखाना तेवढा उरला आहे. फ्रान्सचा पुढे राजा झालेला लुई फिलिप परागंदा असताना इथे राहिला होता. पोर्तुगालचा शेवटचा राजा मॅन्युएल हाही राज्य गेल्यावर ट्विकनहॅममध्येच राहिला आणि १९३२ मध्ये इथेच वारला. या गावाच्या यादीत इथे जन्मलेले कमी आणि कुठून तरी उठून आलेले जास्त, हे मला त्या फेऱ्यांत पहिल्यांदा जाणवलं. मला ते बरंही वाटलं.

मार्बल हिलच्या बाजूला माँटपेलियर रो नावाची अठराव्या शतकातल्या विटांच्या घरांची सरळ ओळ आहे. तिथल्या एका टोकाच्या घरात वॉल्टर द ला मेअर हा कवी १९४० पासून मरेपर्यंत, म्हणजे १९५६ पर्यंत राहिला. दुसऱ्या एका घरात त्याच्या सुमारे नव्वद वर्षं आधी टेनिसन राहत होता, १८५१ ते १८५३. राजकवी होऊन त्याला वर्षच झालं होतं. १८५२ च्या सप्टेंबरात ड्यूक ऑफ वेलिंग्टन वारला आणि नोव्हेंबरात त्याच्या अंत्ययात्रेच्या वेळी टेनिसनची दीर्घ शोककविता छापून निघाली. वेलिंग्टनला जग ओळखतं वॉटर्लूच्या लढाईमुळे. पण त्या कवितेत असईचं नाव आहे. जालन्याच्या वरची, भोकरदनजवळची आपली असई. १८०३ च्या सप्टेंबरात तिथे शिंदे आणि भोसल्यांच्या फौजेशी तरुण वेलस्ली, म्हणजेच पुढचा वेलिंग्टन, लढला, आणि ती लढाई आपल्या आयुष्यातली सर्वांत चांगली, असं तो पुढे म्हातारपणीही म्हणत असे. ट्विकनहॅमच्या या शांत गल्लीत, पाळण्यात स्वतःचा तान्हा मुलगा झोपलेला असताना, एका इंग्रज कवीच्या टाकातून मराठवाड्यातल्या एका खेड्याचं नाव उतरलं.

बाबांनी त्या घराकडे नुसतं पाहिलं. "शिंद्यांच्या तोफा फार चांगल्या होत्या," एवढंच म्हणाले आणि चालू लागले.

एक संध्याकाळ स्ट्रॉबेरी हिलला दिली. होरेस वॉलपोल, पंतप्रधानाचा मुलगा, १७४७ मध्ये इथे एक साधं घर भाड्याने घेऊन राहिला आणि मग वर्षानुवर्षं त्याचं रूपांतर पांढऱ्याशुभ्र गढीत करत राहिला. बुरूज, टोकदार कमानी, रंगीत काचा. वरच्या मोठ्या दालनाचं छत पाहून मान दुखते. पंख्यासारखी उलगडत गेलेली सोनेरी नक्षी, आणि ती सगळी कागदाच्या लगद्याची. लोक बघायला येऊ लागले तेव्हा त्याने तिकिटं काढली. एका तिकिटावर चौघंच, आणि लहान मुलांना मनाई.

वॉलपोलने इंग्रजीला एक शब्द दिला, तो मला बाबांना सांगायचाच होता. जानेवारी १७५४ मधल्या एका पत्रात त्याने 'सेरेंडिपिटी' हा शब्द पहिल्यांदा लिहिला. सेरेंदीप म्हणजे सिंहलद्वीप, श्रीलंका. तिथल्या तीन राजपुत्रांच्या जुन्या गोष्टीवरून त्याने तो बनवला. जे शोधायला निघालो नव्हतो ते योगायोगाने आणि चाणाक्षपणाने सापडणं, असा त्याचा अर्थ त्याने सांगितला. बाबांनी लगेच विचारलं, "मराठीत काय म्हणशील?" मी अडखळले. तेच म्हणाले, "घुणाक्षरन्याय." लाकूड पोखरणारा घुणा नावाचा किडा असतो. तो आपला लाकूड खात जातो आणि त्याच्या वाटेची एखादी रेघ अक्षरासारखी उमटते. किड्याला अक्षर माहीत नसतं.

मी म्हटलं, मग वॉलपोलचा चाणाक्षपणा यात कुठे आला? बाबा थोडं थांबले. "ते अक्षर आहे हे कळायला वाचणारा लागतो ना," असं म्हणाले.

हे त्यांनी म्हटलं आणि चौथ्या दिवशी आम्ही यॉर्क हाउसच्या बागेत गेलो.

यॉर्क हाउस चर्चला लागूनच आहे. सतराव्या शतकातली विटांची मोठी हवेली. आज तिथे नगरपालिकेची सभा भरते आणि लग्नं लागतात. मी कितीदा तरी तिथून गेले असेन. मागे बाग, बागेतून छोटा पूल रस्त्यावरून नदीकाठच्या दुसऱ्या बागेत उतरतो. भरतीच्या दिवशी थेम्सचं पाणी काठावरच्या रस्त्यावर चढतं आणि लोक पिशव्या घेऊन ओसरायची वाट बघत उभे राहतात. झाडांवर आपल्याकडचेच हिरवे पोपट, आता इथलेच झालेले, चिरकत असतात. बाबा बाकावर बसले आणि मी पुस्तिकेतून घराच्या मालकांची नावं वाचू लागले. अमुक अर्ल, तमुक राजदूत. मग आलं, "सर माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन ग्रँट डफ."

"कोण?" बाबा ताठ झाले.

मी परत वाचलं. त्यांनी पुस्तिका माझ्या हातातून घेतली आणि स्वतः वाचली.

साताऱ्यात वाढलेल्या, इतिहास शिकवलेल्या माणसाला हे नाव काय आहे, ते इथल्या कुणाला सांगून कळणार नाही. जेम्स ग्रँट डफ हा कंपनीचा कॅप्टन. १८१८ मध्ये पेशवाई बुडाली, प्रतापसिंह महाराजांना इंग्रजांनी साताऱ्याच्या गादीवर बसवलं, आणि त्यांच्याजवळ कारभार पाहायला एल्फिन्स्टनने या ग्रँट डफला ठेवलं. चार वर्षं तो साताऱ्यात होता. तिथेच त्याने बखरी, दफ्तरं, सनदा, जुन्या घराण्यांचे कागद गोळा केले आणि १८२६ मध्ये मराठ्यांचा इतिहास तीन खंडांत छापला. त्याचं मराठी रूप 'मराठ्यांची बखर' म्हणून निघालं आणि आपल्याच मुलांना आपला इतिहास त्यातून शिकवला जाऊ लागला. १८६७-६८ च्या सुमारास नीळकंठ जनार्दन कीर्तने या तरुण विद्यार्थ्याने त्यावर सडकून टीका केली, पुढे राजवाड्यांनी केली; आणि त्या टीकेतूनच अस्सल कागद शोधून आपला इतिहास आपण लिहायची जिद्द महाराष्ट्रात उभी राहिली. बाबा वर्गात दर वर्षी हे सांगायचे. ग्रँट डफच्या चुका दाखवायचे आणि मग म्हणायचे, "पण कागद त्याने जमवले, हे विसरायचं नाही."

त्या ग्रँट डफचा हा मुलगा. १८२९ चा जन्म. बापाने आपल्या साहेबाचं अख्खं नाव पोराला ठेवलं, माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन, म्हणजे मुंबईच्या गव्हर्नराचं. ज्याच्या नावाचं कॉलेज मुंबईत आहे, तेच. मुलगा पार्लमेंटात गेला, हिंदुस्थान खात्याचा उपमंत्री झाला आणि १८८१ ते १८८६ मद्रासचा गव्हर्नर होता. चेन्नईच्या समुद्रकाठच्या फिरण्याच्या जागेला 'मरीना' हे नाव त्याने दिलं. आणि थेम्सकाठची ही हवेली त्याची होती.

"म्हणजे साताऱ्याचे सगळे किस्से बापाने याला सांगितले असणार," बाबा म्हणाले. "महाराजांचे. अजिंक्यताऱ्याचे. या बाकाच्या आसपास बसून यानेही ते कुणाला सांगितले असतील." त्यांचा आवाज बारीक झाला होता. मी पाण्याची बाटली पुढे केली. ती त्यांनी घेतली, पण उघडली नाही.

मी पुढे वाचू लागले आणि मागेही गेले, कारण आधीच्या पानावर ॲन सीमूर डेमर हे नाव होतं. ही शिल्पकार बाई वॉलपोलच्या नात्यातली. त्याने स्ट्रॉबेरी हिल मरताना हिच्याकडे सोपवलं होतं. तिथून निघाल्यावर उतारवयात तिने यॉर्क हाउस घेतलं. संगमरवर स्वतः फोडणाऱ्या बायका तेव्हा इंग्लंडात जवळपास नव्हत्याच. तिच्या नात्यातले सर अलेक्झांडर जॉन्स्टन श्रीलंकेत सरन्यायाधीश होते. त्यांच्या सांगण्यावरून पंच्याहत्तरी ओलांडलेल्या या बाईने नेल्सनचा अर्धपुतळा तंजावरच्या राजाला भेट पाठवला. ते राजे म्हणजे सरफोजीराजे भोसले. व्यंकोजींच्या वंशातले, सरस्वती महाल ग्रंथालय वाढवणारे. जॉन्स्टन लहानपणी मदुराईकडे होते तेव्हा श्वार्ट्झ नावाच्या जर्मन मिशनऱ्याने त्यांना शिकवलं होतं, आणि तोच श्वार्ट्झ सरफोजीराजांचा गुरू. १८२८ मध्ये डेमरबाई वारल्या. त्यांच्या इच्छेप्रमाणे छिन्नी-हातोडी आणि कामाचा ॲप्रन त्यांच्याबरोबर पुरले. घर जॉन्स्टनकडे गेलं.

एका घरातून तंजावरच्या भोसल्यांना पुतळा जातो, त्याच घरात पुढे साताऱ्याच्या रेसिडेंटाचा मुलगा राहायला येतो. यात कुणाचं काही ठरलेलं नव्हतं. बाबा हसले. "पोखरलंय बघ लाकूड," म्हणाले.

तिसरं नाव मात्र मला आधीच माहीत होतं आणि मी ते मुद्दाम राखून ठेवलं होतं. १९०६ मध्ये, ग्रँट डफ वारला त्याच वर्षी, यॉर्क हाउस विकत घेतलं मुंबईच्या रतन टाटांनी. आपण परवा-परवापर्यंत पाहिलेले रतन टाटा नव्हेत. हे जमशेटजींचे धाकटे चिरंजीव, १८७१ चा जन्म. यांच्या पश्चात पत्नी नवाजबाईंनी नवल टाटांना दत्तक घेतलं, त्या नवल टाटांचे चिरंजीव ते आपले रतन टाटा.

त्यांच्या आठवणीसाठी इथे लोक बागेतल्या पुतळ्यांपाशी जातात. इटलीतल्या संगमरवराच्या मोठाल्या जलपऱ्या खडकांवर चढताहेत, कुणी घसरते आहे, कुणी हात पुढे करून दुसरीला वर ओढते आहे, आणि सगळ्यांच्या वर शिंपल्याच्या रथात व्हीनस, पुढे पंखांचे घोडे. व्हिटेकर राइट नावाच्या एका लबाड भांडवलदाराने हे पुतळे मागवले होते. १९०४ मध्ये शिक्षा होताच त्याने कोर्टातच विष घेतलं, आणि त्याच्या मालमत्तेच्या विक्रीतून टाटांनी पुतळे इथे आणले. दुसऱ्या महायुद्धात चांदण्यात पांढरा संगमरवर चमकून विमानांना नदीचा ठाव लागू नये म्हणून त्यांना करडा राडा फासून ठेवला होता. अजूनही पऱ्यांच्या कोपरांच्या वळणात आणि पायाच्या बोटांमध्ये करडेपणा दिसतो. एकीच्या तळहातावर शेवाळं धरलं होतं आणि वरून झिरपणारं पाणी त्या शेवाळावरून थेंबाथेंबाने खाली पडत होतं. माझा मुलगा खाली ओंजळ धरून उभा होता.

पण मला विचाराल तर टाटांची आठवण त्या पुतळ्यांत नाही. या घराचे मालक असतानाच, १९०९ मध्ये, त्यांनी गांधीजींच्या दक्षिण आफ्रिकेतल्या लढ्याला २५ हजार रुपये दिले. पुढे देत गेले, ते सव्वा लाखापर्यंत. गांधी तेव्हा महात्मा झालेले नव्हते. ट्रान्सवालमध्ये माणसं तुरुंगात जात होती आणि त्यांची घरं चालवायला पैसा संपत आला होता. पुण्याच्या गोखल्यांच्या भारत सेवक समाजाला त्यांनी वर्षाला दहा हजार रुपयांप्रमाणे दहा वर्षं मदत केली. पाटलीपुत्राच्या उत्खननाला पैसा त्यांनी पुरवला, आणि त्यातून मौर्यकाळातल्या खांबांच्या दालनाचे अवशेष वर आले. १९१२ मध्ये लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये गरिबीची कारणं अभ्यासायला त्यांच्या देणगीतून सामाजिक शास्त्राचा विभाग उभा राहिला. वर्षाला १,४०० पौंड. त्या विभागात शिकवणाऱ्यांमध्ये क्लेमंट ॲटली होते, पुढे १९४७ मध्ये हिंदुस्थानला स्वातंत्र्य दिलं तेव्हाचे पंतप्रधान. मुंबईच्या गिरण्यांत आणि व्यापारात कमावलेला पैसा लंडनच्या झोपडपट्टीतल्या गरिबीचा अभ्यास करायला दिला जातो, ही गोष्ट या गावच्या प्रत्येक शाळेत शिकवायला हवी, असं मला मनापासून वाटतं.

टाटांची प्रकृती फार लवकर ढासळली. ५ सप्टेंबर १९१८ रोजी कॉर्नवॉलमधल्या सेंट आइव्ह्ज इथे ते गेले. वय सत्तेचाळीस. ब्रुकवुडच्या दफनभूमीत वडिलांशेजारी त्यांना ठेवलं. पुढे काही वर्षांनी नवाजबाईंनी घर इथल्या नगर परिषदेला विकलं आणि त्या मुंबईला परतल्या. टाटांनी जमवलेली चित्रं, चिनी भांडी, जेडच्या वस्तू मुंबईच्या वस्तुसंग्रहालयात आहेत. काळ्या घोड्याजवळ शाळेच्या सहलीला गेलेल्या आपल्यातल्या कितीतरी जणांनी त्या पाहिल्या असतील. मीही पाहिल्या आहेत, आठवीत. तेव्हा बाबाच बरोबर होते, शिक्षक म्हणून.

हे मी त्यांना सांगितलं तेव्हा ते म्हणाले, "हो, तुझी चप्पल तुटली होती त्या सहलीत. सुतळीने बांधून दिली होती." पुस्तिका मिटून त्यांनी मांडीवर ठेवली. समोर नदीवरून एक लांबट होडी वल्ही मारत गेली. ती दिसेनाशी होईपर्यंत आम्ही बसलो होतो.

सप्टेंबरच्या अखेरीस ते परत गेले. मुंबईला उतरल्यावर भावाने गाडी पाठवली होती. रात्री उशिरा फोन आला. इतका उशीर का झाला, म्हणून मी काळजीने विचारलं, तर म्हणाले, "कापूरहोळला उतरलो होतो."

इतक्या वर्षांत कधी उतरले नव्हते. नुसतं खिडकीतून बोट दाखवायचं. या वेळी ड्रायव्हरला थांबायला सांगितलं, चहाच्या टपरीवर धाराऊच्या वाड्याची वाट विचारली. टपरीवाल्याने बायकोला गल्ल्यावर बसवलं आणि स्वतः बरोबर निघाला. चालता चालता त्याने विचारलं, कुठून आलात. मग बाबांनी त्याला मेरी बीचचं सगळं सांगितलं. नदीकाठचं चर्च, बाहेरची भिंत, कुबडा कवी, त्याने कोरून घेतलेला दगड.

"मग काय म्हणाला तो?" मी विचारलं.

"किती वर्षं सांभाळलं म्हणता, असं विचारलं त्याने. मी म्हटलं, अडतीस."